वरची फळी

वरच्या फळीवरून पाणी आत आलं तेव्हा पेठेतल्या एकाही माणसानं पाण्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी माझ्या बापाकडे पाहिलं.

आबा पाणदरवाजाच्या कडेला मोगरी हातात धरून उभा होता. शेवटची पाचर ठोकून झाली होती, दर्याला हाक मारून झाली होती आणि लोक घरी जेवायला निघाले होते. दिव्याची अवस होती. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून घरोघरी रस्सा शिजलेला. तेवढ्यात फळीच्या माथ्यावरून पाण्याचा एक पातळ पापुद्रा आत सांडला. मग दुसरा. मग सांडतच राहिला.

"मेस्त्री," भिकाजीशेठ खातू म्हणाले, "तुझी फळी कमी पडली."

"फळी आमचीच आहे, शेठ."

"तुमचीच आहे तर पाणी वरून कसं आलं? आजवर कधी आलं होतं?"

आबानं मोगरी खांद्यावर टाकली, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि पाण्यातून घरची वाट धरली. माझा बाप भांडणात कधी हरला नाही, कारण तो भांडणाच्या जागी कधी थांबलाच नाही. थांबायचं काम माझ्याकडे.

"बोटभर पाणी आलं नाही तोवर माझ्या बापाच्या नावानं शंख करायला लागलात," मी म्हटलं. "तुमच्या तळाच्या फळीखालून गळत असेल, ते कोण बघणार?"

"तळाची गळली तर माझंच दुकान आधी बुडेल, अनसूया. मी काय स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईन?" शेठ शांतपणे म्हणाले. त्यांचा तो शांतपणाच मला खपत नसे.

हे फळ्यांचं प्रकरण बाहेरच्या माणसाला समजावून द्यावं लागतं. आमचं खेमबंदर जुनं. गलबतं लागायची त्या काळातला दगडी तट समुद्राच्या बाजूनं पेठेला वेढून आहे आणि त्या तटाला दर्याकडे एकच दरवाजा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा आहेत. मोठ्या उधाणाला त्या खाचांत आडव्या फळ्या एकावर एक सरकवायच्या, फटींत चिकणमाती भरायची आणि वरून पाचर ठोकून सगळं घट्ट करायचं. या फळ्या एका जागी ठेवत नसत. पेठेतल्या प्रत्येक घरात एक. कुणा एकाच्या माडीवर सगळ्या ठेवल्या तर उद्या तोच गावाचा राजा होऊन बसेल, असा जुन्या लोकांचा हिशेब. फळ्या सारख्याही नाहीत, ज्या घराला जसं लाकूड मिळालं तशी त्याची रुंदी. प्रत्येकीवर त्या घराची खूण कोरलेली. खातूंचा तराजू, हमीदाभाभींच्या घराचं शीड, आमची करवत. दरवाजाजवळच्या घराची फळी तळाला आणि पेठेच्या टोकाच्या घराची सगळ्यांत वर. टोकाचं घर आमचं. वरची फळी बसली की त्या घरच्या माणसानं दर्याला सांगायचं, "इथवर तुझं, इथून आमचं." हा मान आमचा, पिढ्यान्‌पिढ्या.

मानाबरोबर नेमही होता. फळीला रंधा लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, पेठेला विचारल्याशिवाय ती बदलायची नाही. आणि वाढवायची तर कधीच नाही. फळी वाढवली की पाणी वाढतं, असं आमच्यात म्हणतात. ज्या घरानं फळी बिघडवली त्याची फळी पेठ काढून घेई, आणि फळी नसलेल्या घराला कुणी लग्नाला बोलवत नसे की मयताला खांदा देत नसे. आबाच्या लहानपणी एका घराची काढली होती. त्या घराच्या जोत्यावर आता घाणेरी माजलीय. त्यामुळे खातूशेठ काय बोलले, ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं.

"आता भांडून काय होणार?" हमीदाभाभी म्हणाल्या. त्यांचं घर आमच्या समोरचं. "अवसेपेक्षा दुसऱ्या दिवसाचं पाणी मोठं. आज बोटभर आलं, तर उद्या काय ते बघा."

"तेच म्हणतो मी. उद्या पाण्याच्या आधी मेस्त्रीच्या दारात बसू," शेठ म्हणाले. "फळी बघू. उद्या ती पाठारेबाईपण येणार आहे. तिच्यासमोर गावाची शोभा नको."

या पाठारेबाई इंजिनिअर होत्या, वयानं लहान, पायात कायम चिखलाचे बूट. किनाऱ्यावरच्या कुठल्या जुन्या गावापुढं बंधारा घालायचा आणि कुठलं गाव हलवायचं, याची पाहणी करत त्या चैत्रात आमच्याकडे आल्या होत्या. घरोघर विचारलं, उधाणाचं पाणी पूर्वी कुठवर यायचं आणि आता कुठवर येतं. सगळ्यांनी एकच सांगितलं. पूर्वी वरच्या फळीच्या मधोमध, आताही वरच्या फळीच्या मधोमध. खातूशेठनी तर खेमदेवाच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं. बाईंना नवल वाटलं. आजूबाजूच्या सगळ्या गावांत पाणी चढलंय आणि तुमच्याकडेच नाही, मग बंधारा आधी तिकडे द्यावा लागेल, असं म्हणाल्या. आमच्या लोकांना बंधारा गेल्याचं दुःख झालं नाही. खेमदेवाची आपल्यावर नजर आहे, याचाच आनंद झाला.

त्या वेळी एकटा आबा तिच्याशी बोलला नव्हता. "मेस्त्री, तुम्ही पाचर मारता, तुम्हाला जास्त माहीत असेल," असं ती म्हणाली, तर "मला ऐकू येत नाही," म्हणून यानं कामठ्याचं, आमच्या सुतारकामाच्या पडवीचं, दार लावून घेतलं. माझ्या बापाला लाकडातली कीड ऐकू यायची. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण मी तिला हुसकून लावलं.

घरी आले तर कामठ्यात घोट्याएवढं पाणी. पेठेचा उतार आमच्याकडे, त्यामुळे आत आलेलं सगळं आमच्या पदरात. रंध्याच्या सालपी पाण्यावर तरंगत होत्या आणि आबा दारातल्या लांब बाकड्यावर पाय वर घेऊन बसला होता. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या बाकड्यावर बसलेला. दाराचं माप घेऊन आलेला, पोळपाट न्यायला आलेला, नुसता गप्पा छाटायला आलेला.

"आबा, फळी तीच ना?"

"जेवलीस?"

"मी काय विचारते?"

"मी पण काहीतरी विचारतोय."

ओहोटी लागल्यावर आपापली फळी घरी न्यायची पद्धत. आमची मी आणली, आणि आबा मागीलदारी गेलेला बघून पटाशीची धार फळीच्या काठाला हळूच लावली. दरवर्षी ज्येष्ठात आबा फळीला काजूच्या टरफलांचं काळं तेल पाजायचा. दार लावून, एकटा. मला हात लावू द्यायचा नाही. नवऱ्याला सोडून मी माहेरी परत आले तेव्हापासून या घरातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक पाळणा माझ्या हातचा, पण फळीला मात्र हात लावायचा नाही. त्या काळ्या तेलाखाली सगळी लाकडं सारखीच दिसतात. मी एक कपची काढली. आत हळदीसारखं पिवळं लाकूड.

पेठेतल्या जुन्या फळ्या झाडून सगळ्या सागाच्या. हा फणस होता. आणि आमच्या परसातला मोठा फणस वादळात पडला होता, माझ्या लग्नाच्या साली.

माझ्या लग्नात आबानं मला सागाचं कपाट दिलं होतं. सासर सुटलं, कपाट मात्र मी टेम्पोत घालून परत आणलं. एवढा साग त्या साली याच्याकडे आला कुठून, हे मी कधी विचारलं नव्हतं. आत जाऊन कपाटाच्या मागच्या फळ्यांवरून हात फिरवला. जुना, मुरलेला साग. नव्या कापाचं लाकूड असं लागत नाही.

"आबा, माझ्या कपाटाचा साग कुठला?" तो आत आल्यावर मी विचारलं.

"सागाच्या झाडाचा."

"नीट सांग."

"तुला काय पोलिसात नोकरी लागलीय?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

माझा संशय म्हणजे तांदळातला सोंडा. एकदा दिसला की दाणा दाणा निवडल्याशिवाय चैन पडत नाही. पण इथं निवडून मी काय करणार होते? पेठेची फळी कापून बापानं लेकीला कपाट केलं असेल, तर ते उघडं पाडायचं कुणी, लेकीनं? मी कपाटाला कुलूप घातलं. कपाट काही पळून जाणार नव्हतं, तरी घातलं.

सकाळी पेठ दारात आली. खातूशेठ, हमीदाभाभी, आणखी चारपाच घरची माणसं. शेठ नेहमीसारखे बाकड्याच्या मधोमध बसले, बाजूला जागा मिळेल तसे बाकीचे. पाठारेबाई मागून आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. कामठ्यातलं पाणी पुरतं ओसरलं नव्हतं. मी खालच्या पायरीवर बसले. बाईला बघून आबानं तोंड फिरवलं.

"ही इथं कशाला?" तो मला पुटपुटला. "पाणी मोजायला नाही आलेली ती. आपल्याला उठवायला आलीय."

"मेस्त्री, फळी आण," शेठ म्हणाले.

आबा उठेना, म्हणून मी आणली. शेठनी ती मांडीवर घेतली, वरखाली पाहिली, आणि नेमकी त्यांची नजर माझ्या कालच्या पटाशीच्या खुणेवर गेली. खिशातल्या किल्लीनं त्यांनी तिथंच अजून खरवडलं. पिवळा भुसा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडला.

"फणस," शेठ म्हणाले. "बघा सगळ्यांनी. सागाची फळी होती या घराची. ही फणसाची आहे."

हमीदाभाभींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे.

"मूळ फळी कुठाय, मेस्त्री?"

आबा पाण्यावरच्या सालपी पायानं बाजूला सारत राहिला.

"साग मोडलास कुठंतरी, आणि पेठेला फणस चिकटवलास. तोही अपुरा. काल पाणी वरून आलं ते उगाच नाही. धाकू मेस्त्री, तुझ्या आज्यानं हाक मारली की दर्या मागं सरायचा म्हणतात. त्याच्या खुणेवर तू असली फळी लावलीस?"

"शेठ, लाकूड कुठलंही असेल," हमीदाभाभी म्हणाल्या, "मेस्त्री असं करणारा माणूस नाही."

"मग तो सांगू दे ना. त्याला तोंड आहे."

मला कपाटाची किल्ली कमरेला टोचत होती. आता कुणी आत जाऊ या म्हणेल, कपाट बघू या म्हणेल, असं वाटत होतं. मी मान खाली घातली. तेवढ्यात बाहेर ढग सरकला आणि दारातून ऊन आत आलं. ते जमिनीवरच्या पाण्यावर पडलं आणि खालून वर, बाकड्याच्या पोटावर हलायला लागलं. बाकड्याचं पोट कोण कशाला बघतं? मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण तिथं, शेठच्या बुडाखाली, लाकडात दाते कोरलेले दिसले. एका ओळीत दाते, आणि टोकाला मूठ.

"उठा, शेठ."

"काय?"

"उठा म्हणते. सगळेच उठा."

माझा आवाज असा लागला असणार की सगळे उठले. आबा पुढं आला. "अनू, नको," म्हणाला. इतका हळू तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. पण मला तेव्हा दम कुठला. मी बाकडं धरलं आणि उलटं केलं.

पायांच्या खिळ्यांमधोमध आमची करवत होती. जुनी, आज्याच्या आज्यानं कोरलेली, कडा झिजलेली. लाकूड साग.

"ही घ्या तुमची फळी," मी म्हटलं. "विकली नाही, मोडली नाही. इतकी वर्षं तुम्हीच तिच्यावर बसून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढताय, शेठ. फळी कमी पडली म्हणे. थांबा, आता मापच दाखवते."

मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू. कपाट सुटलं, बाप सुटला. मी शेठच्या हातातून नवी फळी ओढली आणि जुनीवर ठेवली, काठाला काठ लावून. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

नवी फळी जुनीपेक्षा कमी नव्हती. रुंद होती. काठ बाहेर आला होता आणि बराच बाहेर आला होता. हमीदाभाभी वाकल्या आणि त्यांनी त्या वरच्या भागावर आपला पंजा आडवा ठेवला. पंजा मावला, वर अजून जागा उरली.

"म्हणजे कमी नाही केली," त्या म्हणाल्या. "वाढवली."

"वाढवली?" शेठचा आवाज पहिल्यांदा चढला. "नेम मोडून? फळी वाढवली की पाणी वाढतं, हे तुला माहीत नव्हतं? म्हणूनच काल पाणी आलं. तूच बोलावलंस त्याला."

मागची माणसं कुजबुजायला लागली. मला वाटलं, आता संपलं. चोरीतून सोडवलं आणि त्याहून मोठ्या गुन्ह्यात मीच त्याला नेऊन घातलं.

"एक मिनिट," पाठारेबाई दारातून आत आल्या. बूट पाण्यात बुडवून त्या दोन्ही फळ्यांपाशी बसल्या. "चैत्रात तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं, पाणी वरच्या फळीच्या मधोमध येतं. पूर्वीही आणि आताही." त्यांनी मान वर केली. "कुठल्या फळीच्या?"

खेमदेवाच्या पायरीवर ठेवलेला तो हात शेठनी धोतराला पुसला.

आबा बोलला तेव्हा कुणाकडे बघून बोलला नाही. "शेठ, मी फळी चोरली नाही. पाणी लपवलं."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. फणस पडला त्या साली पाणी जुन्या फळीच्या काठाला येऊन टेकलं. ते त्याला एकट्याला दिसलं, कारण पाचर ठोकून झाली की पेठ जेवायला जाते आणि पाचरवाला मागं राहतो. पुढच्या साली सांडेल हे त्याला कळलं. म्हणून त्यानं दार लावून फणसाची फळी केली, जरा रुंद, तिच्यावर करवत कोरली आणि काळं तेल पाजलं. जुनी जाळवेना, फेकवेना. तिला पाय ठोकून दारात ठेवली. रोज ज्याच्यावर बसतो त्याच्याकडे कोण बघतं, म्हणाला. काही वर्षांनी पाणी नव्या फळीच्याही काठाला आलं. मग माझी आई गेली त्या साली खालून एक पट्टी जोडली. मी माहेरी परत आले त्या साली अजून एक. त्यानं काळ्या तेलावरून बोट फिरवून सांधे दाखवले. मी सुतारीण असून मला ते दिसले नव्हते, इतके बेमालूम.

"पाणी बोटाबोटानं चढत आलं," आबा म्हणाला. "तेवढं कुणाला कळत नाही."

"सांगितलं का नाहीस?" हे मीच विचारलं.

"कुणाला सांगू? खाडीपलीकडच्या वेंगणीवाल्यांनी सांगितलं होतं. पाणी वाढलंय, काहीतरी करा म्हणून. आधी माणसं उचलून सड्यावर नेली. भिंत मागून बांधू म्हणाले. आज वेंगणीत माणसं पण नाहीत आणि भिंत पण नाही." त्यानं बाईंकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "पाणी वाढलं असं म्हटलं की पहिल्यांदा माणूस हलतो. मला माझी पेठ हलवायची नव्हती."

"आणि तुम्ही सांगितलं नाही म्हणून बंधारा दुसऱ्या गावाला गेला, मेस्त्री," पाठारेबाई म्हणाल्या. रागानं नाही, पण साखरही नाही लावली. "माझ्या कागदावर खेमबंदरला धोकाच नाही. तुमच्या त्या दोन पट्ट्यांमुळे."

आबा बसायला गेला. सवयीनं बाकड्याच्या जागी बसायला गेला आणि बाकडं तर उलटं पडलेलं. तो पाण्यातच बसला. त्याला उठवायला कुणी हात दिला नाही. मीसुद्धा नाही.

"हे बघा," हमीदाभाभी म्हणाल्या, "भांडायला आख्खा श्रावण पडलाय. पाणी आत्ता येतंय."

मी अंबूर घेतला आणि बाकड्याच्या पायांचे खिळे उपटायला लागले. दरवाजाच्या खाचा वर अजून कितीतरी रिकाम्या होत्या. तट ज्यांनी बांधला त्यांनी जागा ठेवली होती, आम्हीच कधी वर पाहिलं नव्हतं.

"एका घराच्या दोन फळ्या?" शेठ म्हणाले. "नेमात बसत नाही."

"मग दर्याला जाऊन नेम समजावा," भाभी म्हणाल्या. "तुमचं दुकान पहिलं लागतं."

शेठनी जाऊन आपली तराजूची फळी तळाला बसवली. मग एकेक घर. नारळ, विळा, होकायंत्र, शीड. मग आमची फणसाची. मग तिच्यावर जुनी सागाची. मोगरी मी घेतली. आबाकडे मोगरी द्या असं कुणी म्हटलं नाही, आणि तो मागं तटाच्या सावलीत उभा होता. मी पाचर मारली.

पाणी आलं. त्या दिवशी जेवायला कुणी गेलं नाही. सगळी पेठ उभी राहून बघत होती. काल ज्या काठावरून सांडलं होतं तो काठ पाण्यानं निवांतपणे ओलांडला आणि जुन्या फळीला अंग लावलं. बाकड्याच्या खिळ्यांच्या भोकांतून बारीक पिचकाऱ्या आत उडायला लागल्या. मी आधी अंगठे दाबून धरले, मग कपच्या करून भोकांत ठोकल्या. पाठारेबाई तटावर चढून दगडावर रंगाच्या रेघा ओढत होत्या. पाणी सागाच्या निम्म्यावर आलं आणि तिथं थांबलं. पुढं चढेना, मागंही सरेना.

"हाक राहिलीय," हमीदाभाभी म्हणाल्या.

खरंच राहिली होती. सगळे शेठकडे बघायला लागले. मान ठेवायचा की काढायचा, हे त्यांच्या एका शब्दावर होतं. शेठ पाण्याकडे बघत राहिले. नको म्हणाले नाहीत.

"मेस्त्री, या," भाभी म्हणाल्या. "तुमचीच फळी आहे वरची. दोन्ही."

आबा आला. त्यानं सागावर हात ठेवला, खिळ्यांची भोकं बोटांनी चाचपली. दरवर्षी तो असा ओरडायचा की तटावरचे कावळे उडायचे. या वेळी बाजूला उभ्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

"इथवर तुझं," म्हणाला, आणि थांबला. पुढचं त्याच्या तोंडून येईना. "याच्या वर आमच्याकडे लाकूड नाही, बाबा. या खेपेला खरं सांगतोय."

त्या उधाणात पेठ वाचली. पाठारेबाई आबाला दोनदा दरवाजावर घेऊन गेल्या आणि तो सांगत गेला, बायको गेली त्या साली इथं, लेक आली त्या साली इथं. बाई रेघा ओढत गेल्या. जुनी फळी त्यांनी पुरावा म्हणून नेली. कपाटाबद्दल मी विचारलं तेव्हा आबा म्हणाला, तुझ्या आईच्या माहेरचं घर उतरवलं, त्याच्या तुळया होत्या त्या. एवढं साधं होतं ते.

बंधारा झाला, पण पुढं कितीतरी वर्षांनी. आता पाणदरवाजाला लोखंडी दार आहे आणि खाडीच्या बाजूला कांदळाची झाडं लावलीत. पण त्या सालच्या पावसाळ्यानंतर यातलं काहीच नव्हतं. होतं ते एवढंच, की आमची फळी काढून घ्यायची की नाही हे पेठ ठरवत होती. दिवाळी झाली, शिमगा झाला, पेठ ठरवतच होती. तोवर कामठ्याची पायरी कुणी चढलं नाही. दारं, पाळणे, पोळपाट, सगळी कामं शेजारच्या गावच्या सुताराकडे गेली. हमीदाभाभी तेवढ्या येत, त्याही मागीलदारानं. मी नवीन बाकडं करते म्हटलं, तर आबा म्हणाला, कुणासाठी?

ज्येष्ठ लागला. एका सकाळी दारात सावली आली म्हणून मी रंधा थांबवला. खातूशेठ होते. या वयात स्वतःच्या खांद्यावर तराजूची फळी घेऊन पेठेच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत आले होते. दोन्ही बाजूंच्या घरांनी ते पाहिलं असणार. फळी त्यांनी आबापुढं ठेवली आणि दम खात उभे राहिले.

"मेस्त्री, ही वाढव."

"शेठ, नेम?" आबानं विचारलं.

"किती वाढवायची ते तू सांग. मागून बाकीचे पण येताहेत."

आबानं फळीवरून हात फिरवला. मग उठला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं दार लावायला गेला.

"दार राहू दे उघडं," शेठ म्हणाले, आणि आमच्याकडे बाकडं नव्हतं म्हणून खाली भुशातच बसले.